डॉक्टर होण्याआधीचं वर्ष



आपल्याकडे मूल डॉक्टर होणार की नाही याचा निकाल सतराव्या-अठराव्या वर्षी लागतो. 'नीट'चा एक पेपर, तीन तास, १८० प्रश्न आणि ७२० गुण. गुण मिळाले तर गल्लीत पेढे वाटले जातात. कमी पडले तर घरात एक इंग्रजी शब्द येऊन बसतो, 'ड्रॉप'. मग लातूरला किंवा कोट्याला खोली घ्यायची, मेसचा डबा लावायचा आणि वर्षभर पुन्हा तेच प्रश्न सोडवायचे. त्या अख्ख्या वर्षात मुलाची आजारी माणसाशी गाठ पडतेच असं नाही. तशी अपेक्षाही कुणी ठेवत नाही.

अमेरिकेत या वर्षाची रीत निराळी आहे. आज तिच्याविषयी बोलायचं ठरवलं, त्याला कारण आहे. आता आपल्या कितीतरी घरांतली नातवंडं, भाचवंडं तिकडेच जन्मली आणि तिकडेच वाढली. त्यातलं कुणी डॉक्टर व्हायला निघालं की एक दिवस फोनवर ऐकू येतं, "मी एक-दोन वर्षं गॅप घेतेय. नोकरी करणार आहे." इकडे आजी-आजोबांच्या पोटात गोळा येतो. गॅप म्हणजे आपल्याला काय आठवतं? तहसील कचेरीबाहेरचा टायपिस्ट, स्टँपपेपर आणि 'सदर वर्षात मी इतर कोठेही प्रवेश घेतला नव्हता' असं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. म्हणजे गॅप ही खुलासा करण्याची, जवळजवळ लपवण्याची गोष्ट. तिकडे तसं नाही. अमेरिकेत मेडिकलला प्रवेश घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पदवी आणि मेडिकल कॉलेज यांच्या मध्ये निदान एक वर्ष घालवून आलेली असतात. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या वर्षात करायचं काय?

मी स्वतः साधा बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. औषधातलं मला काही कळत नाही. पण घरात हा प्रश्न आला, फोनवर बराच काळ चालला, आणि त्या निमित्तानं मी बरंच वाचलं, विचारलं. ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ती पद्धत समजून घेऊ. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, न्यू जर्सीत रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या काळी तिकडेही मेडिकलला जायला आधी पदवी लागत नसे. पुढे १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल कॉलेज निघालं आणि त्यानं अट घातली, की आधी पदवी, मग वैद्यक. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षकानं देशभरातल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करून एक कडक अहवाल लिहिला. त्यानंतर सुमार कॉलेजं झपाट्यानं बंद पडली आणि हॉपकिन्सची रीत हळूहळू सगळीकडे रुळली. आता तिकडे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल, आणि पुढे विषयाप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी.

मेडिकलसाठी 'एमकॅट' नावाची परीक्षा असते. सात तासांहून जास्त वेळ ती चालते. पण नुसत्या परीक्षेवर प्रवेश मिळत नाही. बहुतेक एम.डी. कॉलेजांसाठी एक सामाईक अर्ज असतो. त्यात आपण आजवर काय काय केलं याच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात आणि त्यातल्या तीन सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणून निवडता येतात. शिवाय 'मला डॉक्टर का व्हायचं आहे' हे ५३०० अक्षरांत लिहायचं, रिकाम्या जागा धरून. मग मुलाखती. अर्ज मे-जूनमध्ये भरायचा, मुलाखती हिवाळ्यापर्यंत चालणार आणि प्रवेश पुढल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे अर्ज आणि पहिला वर्ग यांच्यात जवळजवळ चौदा महिने जातात. ज्या मुलीनं पदवीची चार वर्षं पुरी करून अर्ज भरला, तिच्या पदरात एक मोकळं वर्ष आपोआपच पडतं.

आता नोकऱ्या. यांचे प्रकार ठरल्यासारखे आहेत. पहिली नोकरी डॉक्टरच्या लेखनिकाची. तिकडे त्याला 'स्क्राइब' म्हणतात. डॉक्टर पेशंटशी बोलतो आणि स्क्राइब कोपऱ्यात बसून सगळं संगणकात टिपतो. २००९ मध्ये अमेरिकी सरकारनं कागदी केसपेपरांच्या जागी संगणकावरच्या नोंदी आणण्यासाठी मोठा पैसा दिला. डॉक्टरांचा वेळ टाइप करण्यात जाऊ लागला आणि हे काम वाढलं. डॉक्टर विचार कसा करतो, प्रश्न कोणत्या क्रमानं विचारतो, हे शिकायला याहून चांगली जागा नाही. पण अलीकडच्या काही वर्षांत संभाषण ऐकून स्वतःच टिपण लिहिणारी सॉफ्टवेअर आली आहेत, त्यामुळे ही खुर्ची डळमळू लागली आहे.

दुसरी, अँब्युलन्सवरची. दीडेकशे तासांचा अभ्यासक्रम आणि परवाना घेतला की 'ईएमटी' होता येतं. या कामामागे एक इतिहास आहे. १९६७ मध्ये पिट्सबर्ग शहरात फ्रीडम हाउस नावाची अँब्युलन्स सेवा सुरू झाली. ज्यांना कुणी काम देत नव्हतं अशा कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर साफार यांनी त्यासाठी शिकवून तयार केलं. तोवर पुष्कळ ठिकाणी अँब्युलन्स म्हणजे पोलिसांची किंवा अंत्यविधी करणाऱ्यांची गाडी असे. वाटेतच उपचार सुरू करणारी माणसं कशी असावीत, हे त्या तरुणांनी देशाला दाखवलं. १९७५ मध्ये ती सेवा बंद झाली, पण शिकवण राहिली.

तिसरी नोकरी संशोधनातली. मोठ्या इस्पितळात एखाद्या नव्या औषधाची चाचणी चालू असते. तिच्यासाठी पेशंट शोधायचे, त्यांना सगळं समजावून संमती घ्यायची, नोंदी ठेवायच्या. अशा जागा पुष्कळदा दोन वर्षांचा शब्द मागतात. चौथी, रक्त काढणाऱ्याची. पाचवी, दुभाष्याची. तिच्याविषयी पुढे बोलू. सहावी, 'हॉस्पिस'मधली, म्हणजे जिथे आता बरं करायचं नसतं, शेवटचे दिवस सुसह्य करायचे असतात तिथली. तिकडचा नियम असा, की सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिसमध्ये पेशंटच्या सेवेच्या तासांपैकी किमान पाच टक्क्यांइतकं काम स्वयंसेवकांनी करायला हवं. म्हणून तिथे विनावेतन बसायलाही माणसं हवीच असतात.

आणि सातवी नोकरी, जिच्यावरून आमच्या घरात वादळ झालं.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी न्यू जर्सीत राहते. जन्म तिकडचाच. मराठी बोलते, दखनी बोलते, तिसरी भाषा अर्थातच इंग्रजी. पदवी झाली तेव्हा तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक मोठ्या नावाच्या संशोधन संस्थेत, संगणकावर आकडे भरण्याची आणि तपासण्याची. दुसरी एका नर्सिंग होममध्ये 'नर्सिंग असिस्टंट' म्हणून. इथे एक खुलासा करतो. आपण नर्सिंग होम म्हणतो ते डॉक्टरांच्या छोट्या खासगी दवाखान्याला. तिकडे नर्सिंग होम म्हणजे ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा म्हाताऱ्या, आजारी माणसांची कायमची राहण्याची जागा. तिथे नर्सिंग असिस्टंट काय करते? अंग पुसते, जेवण भरवते, कपडे बदलते, बेडपॅन देते आणि उचलते.

बहिणीनं मला फोन केला. "भाईजान, तुम्ही तिला समजवा. एवढी शिकली आणि आता म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढणार? इथे बिरादरीत काय सांगू मी, मुलगी आयाचं काम करते म्हणून?"

तिचं दुःख मला कळत होतं. ती परदेशात गेली ती मुलांनी वर जावं म्हणून. आणि हे काम आपल्या मनात तळाचं आहे. आपल्या इस्पितळांत ते करणाऱ्यांना आपण मावशी म्हणतो, मामा म्हणतो. नातं मोठं देतो, मान मात्र तेवढा देत नाही. वॉर्डात डॉक्टरांचा राउंड येतो तेव्हा मावशींना बाजूला व्हायला सांगतात. पण रात्री दोन वाजता पेशंटनं हाक मारली तर ओ देणाऱ्या बहुतेक वेळा त्याच असतात.

मी भाचीशी बोललो. मी म्हटलं, "तुझी अम्मी म्हणते ते बाजूला ठेव. तू मला सांग, दोन्ही ठिकाणी सकाळी आठ ते दुपारी चार तुझ्यासमोर कोण असणार?"

ती म्हणाली, "मामू, एका ठिकाणी स्क्रीन. दुसऱ्या ठिकाणी माणसं."

"आणि शिकवणार कोण?"

"एका ठिकाणी मोठे प्रोफेसर, पण ते महिन्यातून एकदा भेटणार. दुसरीकडे हैतीहून आलेल्या एक बाई आहेत, वीस वर्षं हेच काम करताहेत. त्या रोज बरोबर असणार."

मग तिसरा प्रश्न विचारला. हा विचारायला मला जड गेलं. "समज, तुला मेडिकलला कुठेच प्रवेश मिळाला नाही. तर यातलं कोणतं वर्ष फुकट गेलं असं तुला वाटेल?"

फोनवर शांतता पसरली. ती म्हणाली, "मी विचार करते."

श्रोतेहो, हा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं कारण हिशेबाचं आहे. समजा, पदवी झाल्या-झाल्या मुलीनं अर्ज भरला आणि मग नोकरी धरली. म्हणजे नोकरीचे बहुतेक महिने अर्जानंतरचे. अर्जात फार तर 'पुढे इतके तास करणार आहे' एवढं लिहिता येतं. मुलाखतीत विचारलं तर सांगता येतं, तेवढंच. म्हणजे जे वर्ष अर्ज सजवायला घेतलं असं लोक समजतात, त्याचा अर्जाला उपयोग थोडाच. मग ते वर्ष कुणासाठी? ज्या मुलीला पुढली चाळीस वर्षं आजारी माणसांमध्ये काढायची आहेत, तिनं आजारी माणसाच्या खोलीत आपल्याला बसवतं का, हे पाहून घेण्यासाठी. वासात बसवतं का, रडण्यात बसवतं का, तेच तेच दहादा सांगणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसवतं का. हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. बसल्यावरच कळतं. नाही बसवलं तर तेही कळलेलं बरं, कारण तिकडे मेडिकलची वर्षं कर्ज काढून करतात आणि कर्ज घेऊन बाहेर पडणाऱ्या नव्या डॉक्टरच्या डोक्यावर साधारण दोन लाख डॉलरचा बोजा असतो. त्या ओझ्याखाली गेल्यावर मागे फिरता येत नाही.

मी शब्दांच्या धंद्यातला माणूस, म्हणून शब्दांकडे वळतो. आपला मराठी शब्द आहे 'शुश्रूषा'. आपण त्याचा अर्थ सेवा, देखभाल असा घेतो. पण तो आला आहे 'श्रु' या संस्कृत धातूपासून. श्रु म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. ज्याला ऐकायचं आहे तो जवळ बसणार, जवळ बसला की काय हवं-नको ते बघणार, असा तो अर्थ सेवेपर्यंत आला असावा. आमच्या घरच्या बोलीत दुसरा शब्द आहे, 'तीमारदारी'. फारसीत तीमार म्हणजे काळजी. ती वाहणारा तो तीमारदार. आणि तिसरा शब्द 'इयादत', आजाऱ्याला भेटायला जाणं. तो अरबी शब्द ज्या धातूतून येतो त्याचा अर्थ परत येणं. म्हणजे एकदा फळं देऊन निघून आलं की इयादत झाली असं नाही, पुन्हा जायला हवं. आज अरबीत दवाखान्यालाही 'इयादा'च म्हणतात. ऐकणं, काळजी वाहणं, पुन्हा येणं. तीन भाषांनी आजाऱ्याजवळच्या माणसाचं काम सांगून ठेवलं आहे आणि त्यात औषधाचा उल्लेख कुठेच नाही. औषध पुढे कॉलेजात शिकवतात. हे आधीचं कुठे शिकायचं, एवढाच त्या मधल्या वर्षाचा प्रश्न आहे.

म्हणून नोकरीचं नाव पाहून निवड करू नये, असं मला वाटतं. संशोधनातली नोकरी वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या पेशंटजवळ बसून त्याला कळेल अशा भाषेत धोका समजावणं, त्यानं 'नाही' म्हटलं तर ते मान्य करणं, हेही ऐकणंच आहे. अमेरिकेत या संमतीला फार किंमत देऊन अर्थ आला. अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२ पासून १९७२ पर्यंत शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस आहे हे न सांगता, उपचार न देता, नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. ते उघड झाल्यावर १९७४ मध्ये संशोधनाचा कायदा आला. त्या कागदावर सही घेणाऱ्या मुलीला हा इतिहास ठाऊक असेल आणि ती पेशंटशी रोज बोलत असेल, तर ती नोकरी सोन्याची. दिवसभर नुसते आकडे भरायचे असतील, तर तेही आवश्यक काम आहे, पण या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडणार नाही.

दुभाष्याचं काम मला मोहवतं, ते उघडच आहे. अमेरिकेच्या इस्पितळांत इंग्रजी न येणारे पेशंट पुष्कळ. पूर्वी त्यांच्या लहान मुलांनाच मध्ये उभं करत. दहा वर्षांच्या पोरानं आईला तिच्या गर्भाशयाच्या आजाराचं सांगायचं! २०१६ च्या नियमांनी, अगदी तातडीची वेळ सोडली तर, अशा कामी लहान मुलांना वापरायला बंदी केली. आता शिकलेला दुभाषी लागतो. त्याला पहिली गोष्ट शिकवतात ती अशी, की 'बाई म्हणतात त्यांच्या छातीत दुखतं' असं बोलायचं नाही. 'माझ्या छातीत दुखतं' असंच बोलायचं. पेशंटचा 'मी' आपल्या तोंडून उच्चारायचा. दिवसाला वीस माणसांचं दुखणं 'माझं' म्हणून बोलणारी मुलगी पुढे डॉक्टर झाली, तर पेशंटचं वाक्य अर्ध्यावर तोडताना एकदा तरी अडखळेल, असं मला आपलं वाटतं.

या विचाराला एक मोठं उदाहरण आहे. ते अमेरिकेतलं नाही, इंग्लंडमधलं आहे. सिसिली साँडर्स या बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नर्सिंगचं शिक्षण घेतलं. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सचं काम झेपेना, तेव्हा त्या इस्पितळात समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक ज्यू पेशंट भेटला. कॅन्सरनं मरायला टेकलेला, लंडनमध्ये एकटा. त्या त्याच्याजवळ जाऊन बसत. १९४८ मध्ये तो गेला, तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले होते. अशा माणसांसाठी त्या जे घर बांधतील, त्यातली एक खिडकी म्हणून. पुढे त्या संध्याकाळी मरणासन्न लोकांच्या एका इस्पितळात विनावेतन काम करू लागल्या. त्यांच्या ओळखीच्या एका शल्यचिकित्सकानं सुचवलं, की या लोकांच्या वेदनेचं खरंच काही करायचं असेल तर डॉक्टर हो. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकाला प्रवेश घेतला, १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. त्या वाटेवरचं पहिलं हॉस्पिस आपल्याकडे मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालं. त्या बाईंची आधीची वर्षं नर्सची, समाजसेविकेची, स्वयंसेविकेची. आपल्या हिशेबानं सगळी 'गॅप'. पण वेदनेविषयी नंतर त्यांनी जे जगाला शिकवलं, त्याचा पहिला धडा त्या वर्षांतलाच.

आता या तिकडच्या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथेही ढोंग आहेच. पुष्कळ मुलं तास गोळा करतात. इतके तास दवाखान्यात, इतके प्रयोगशाळेत, इतके समाजसेवेत. पोस्टाची तिकिटं जमवावीत तसं. आणि पैशाचा प्रश्न मोठा आहे. विनावेतन काम सुखवस्तू घरच्या मुलांनाच परवडतं. ज्याला घरी पैसे पाठवायचे आहेत, त्यानं काय करावं? २०१० च्या कायद्यानं मुलांना वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या आरोग्यविम्यात राहता येतं, हा एक आधार आहे. पण आई-वडिलांनाच विमा नसेल तर तोही नाही. अशा मुलानं दुकानात, हॉटेलात जास्त पगाराची नोकरी धरली तर त्यात कमीपणा मुळीच नाही. अर्जात ती नोकरीही लिहिता येते आणि लिहावी. गल्ल्यावर उभं राहून चिडलेल्या गिऱ्हाइकाचं शांतपणे ऐकून घेणं हेही शिक्षणच आहे. फक्त आठवड्यातले दोन तास कुठेतरी आजारी माणसाजवळ जावेत, एवढं त्यानं बघावं.

आमच्या भाचीनं नर्सिंग होम निवडलं. आधी प्रशिक्षण झालं. १९८७ च्या कायद्यानं या कामासाठी किमान ७५ तासांचं शिक्षण सक्तीचं केलं आहे, कित्येक राज्यांत त्याहून जास्त लागतं. कारण त्याआधी तिकडच्या नर्सिंग होमांत म्हाताऱ्या माणसांचे हाल होत असल्याचं चौकशीत दिसलं होतं. तिला काय शिकवलं? दार उघडं असलं तरी टकटक करायची, कारण ती खोली म्हणजे त्या माणसाचं घर आहे. घास भरवताना उभं राहायचं नाही, खुर्ची ओढून समोर बसायचं, डोळे डोळ्यांच्या पातळीवर. स्वतः हलू न शकणाऱ्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर होतात. त्या हैतीच्या बाई कूस बदलण्याआधी पेशंटला सांगतात, 'आता मी तुम्हाला खिडकीकडे वळवतेय.' पेशंटला कळत असो वा नसो, सांगतातच.

तिथल्या एकाही पेशंटची गोष्ट तिनं मला आजवर सांगितलेली नाही. मी कवी माणूस, मला गोष्टींची हाव. एकदा खोदून विचारलं, तर म्हणाली, "मामू, ते सांगायचं नसतं." पेशंटची माहिती बाहेर जाऊ न देण्याचा तिकडे १९९६ चा कायदा आहे. पण तिच्या आवाजात कायद्याची भीती नव्हती. दुसऱ्याची गोष्ट आपल्याजवळ ठेव म्हणून सोपवलेली असते, हे तिला बाविसाव्या वर्षी कळलं आहे. त्या दिवशी मला वाटलं, हिला आता प्रवेश मिळाला तर उत्तम, आणि नाही मिळाला तरी हे वर्ष कुणी हिरावून घेणार नाही.

बहिणीचं काय झालं? तिनं बिरादरीत अजून सगळं सांगितलेलं नाही. 'इस्पितळात ट्रेनिंग चालू आहे' एवढंच ती सांगते. पण गेल्या रमजानमध्ये ती सहज बोलून गेली, की इकडे आमच्या थोरल्या आपांना अंथरुणातून उठवताना काखेत हात घालून ओढू नका, कमरेला पट्टा बांधून उठवा, म्हणजे खांदा दुखावत नाही. मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "लेकीनं." आणि लगेच विषय बदलला.

भाचीचा अर्ज गेला आहे. निकाल यायचा आहे. ५३०० अक्षरांत तिनं काय लिहिलं, ते मी विचारलेलं नाही.

आपल्याकडच्या मुलांना मी नोकऱ्या करा असं सांगणार नाही. सतरा-अठरा वर्षांचं पोर, वरून परीक्षेचं ओझं, त्याला तेवढी उसंत कुठून असणार? पण 'ड्रॉप' घेतलेल्या मुलाच्या आई-वडिलांना एक विनंती आहे. घरात आजी अंथरुणाला खिळलेली असेल, तर 'तू अभ्यास कर, आम्ही बघतो' असं म्हणून त्याला त्या खोलीपासून लांब ठेवू नका. दिवसातली वीस मिनिटं त्याला तिथे बसू द्या. आजीला पाणी पाजू द्या, तिची कूस बदलू द्या, तेच ते बोलणं ऐकू द्या. त्यानं एखादा प्रश्न कमी सुटेल असं तुम्हाला वाटेल. मला तरी तसं वाटत नाही. आणि समजा, तो डॉक्टर नाही झाला, इंजिनीअर झाला, शिक्षक झाला, दुकानदार झाला, तरी उद्या तुमच्या उशाशी बसायला तोच असणार आहे.

आणि ज्यांच्या घरी तिकडून फोन येईल, "आजी, मी गॅप घेतेय," त्यांनी घाबरू नये. 'डॉक्टर कधी होणार' हे विचारायच्या आधी तिला विचारावं, काम कसलं आहे, तिथे तुझ्यासमोर दिवसभर कोण असतं. आणि मग, श्रोतेहो, ती जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावं.